तिसरं पाकीट उघडू नकोस

सांगली,
रविवार

चि. सई हिस,


काल रात्री फोनवर तुला एवढंच सांगितलं, की तिसरं पाकीट उघडू नकोस, डोकं कोमट पाण्यानं धू आणि झोप. तू ऐकलंस हे सकाळी वहिनीकडून कळलं आणि जिवात जीव आला. बाकीचं सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुझं वाचून झालं की तुझ्या मैत्रिणीलाही हे पत्र दे. ब्रश तिच्या हातात होता. तीही तुझ्याइतकीच घाबरलेली असणार.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. केस रंगवावेसे वाटले यात तुझा काही गुन्हा नाही. सोळाव्या वर्षी आरशातला चेहरा रोज नवा वाटतो आणि त्याला नवं काही करून पाहावंसं वाटतं. आजीच्या पिढीच्या मुली जास्वंद, माका आणि शिकेकाईचे प्रयोग करत होत्या, पुढच्या पिढीनं मेंदीचे केले. हौस तीच आहे. फरक एवढाच, की तुमच्या हातात जे आलं आहे ते फार जोरदार रसायन आहे आणि ते कुठल्याही दुकानात, काही न विचारता मिळतं.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. मुळाशी दोन बोटं पिवळं, त्याखाली विटकरी केशरी, टोकांकडे अजून काळपट तांबूस, आणि या सगळ्यावर शेवाळी झाक. पार्लरच्या खुर्चीत असं डोकं मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यामुळे तू न सांगताही मला घटनाक्रम कळला. आधी ब्लीच. ते मनासारखं झालं नाही म्हणून लगेच वरून 'अॅश ब्राऊन'चं पाकीट. ते हिरवट दिसायला लागलं म्हणून आता काळ्याचं पाकीट. सोमवारी कॉलेजला जायच्या आत सगळं झाकायचं होतं ना?

हे असं का झालं ते नीट समजून घे. अकरावी सायन्सला आहेस, तुला कळेल.

केसाचा रंग मेलॅनिनमुळे असतो. ते केसाच्या आतल्या थरात असतं आणि त्यावर खवल्यांचा एक पातळ थर असतो. ब्लीचमधला अल्कधर्मी भाग ते खवले फुलवतो आणि आतलं मेलॅनिन हायड्रोजन पेरॉक्साइड व परसल्फेट मिळून तोडतात. आपल्याकडचे काळेभोर केस एका झटक्यात पांढरट होत नाहीत. काळा, तांबूस तपकिरी, लाल, केशरी, पिवळा आणि मग फिका पिवळा, अशा पायऱ्यांनीच ते उतरतात. तुम्ही ज्या व्हिडिओवरून हे केलंत, त्यातला राखाडी रंग फिक्या पिवळ्यावरच बसतो. त्या पायरीपर्यंत काळे केस न्यायला जाणकार हातालाही बऱ्याचदा दोन-तीन बैठका लागतात आणि त्यांच्यामध्ये काही आठवड्यांची विश्रांती द्यावी लागते. तुम्हाला ते एका दुपारी हवं होतं. शिवाय व्हिडिओतल्या त्या मुलीचे मूळ केस कोणत्या रंगाचे होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मुळं पिवळी झाली आणि टोकं राहिली, याचं कारण डोक्याची ऊब. टाळूजवळ उष्णता असते, तिथे क्रिया वेगानं होते. म्हणून ब्लीच आधी मधल्या लांबीला लावतात आणि मुळांना सगळ्यात शेवटी, थोडाच वेळ. तुम्ही मुळापासून सुरुवात केलीत. आजीनं तुला वर्षानुवर्षं मेंदी लावली होती, तीही आड आली. मेंदीचा रंग केसाच्या प्रथिनालाच धरून बसतो, ब्लीचनं सहज निघत नाही, आणि केशरी हट्टानं मागे राहतो. आजीची मेंदी घरची, निव्वळ पानांची होती हे आपलं नशीब. बाजारातल्या काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर ब्लीच पडलं तर केस हाताला चटका बसेल इतके तापतात आणि जागच्या जागी तुटतात.

आता हिरवी झाक. अॅश म्हणजे ज्या छटेत निळा-हिरवा अंश घातलेला असतो ती. केशरी मारायला निळा लागतो, लाल मारायला हिरवा, पिवळा मारायला जांभळा. चित्रकलेच्या तासाला रंगचक्र शिकलीस, तेच हे. निळसर छटा पिवळ्या मुळांवर पडली, निळा आणि पिवळा मिळून हिरवा झाला. पाकीट वाईट नव्हतं. ते ज्या केसांवर लावायचं होतं ते हे केस नव्हते.

इथपर्यंत जे झालं, त्याला मी बिघाड म्हणेन. सावरता येण्यासारखा बिघाड. खरं नुकसान यापुढे होणार होतं, आणि तेच मला तुला मनापासून सांगायचं आहे. केस रंगवताना पहिला हात चुकला म्हणून मुलींचे केस जात नाहीत. तो झाकायला घाईघाईनं मारलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हातानं जातात. आमच्याकडे येणाऱ्या मुलींत हे मी सतत बघते. नुसतं ब्लीच बिघडवून आलेली मुलगी हसत परत जाते. ब्लीच, मग रंग, मग दुसरा रंग, मग रंग काढायला लिंबू आणि खायचा सोडा, मग पुन्हा ब्लीच, असं सगळं करून आलेल्या मुलीचे केस मला कानापर्यंत कापावे लागतात.

एक चाचणी तू आजच कर. मागची, आतली एक बट ओली कर. त्यातला एक केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढ. निरोगी ओला केस थोडा ताणला जातो आणि सोडल्यावर पुन्हा आपल्या लांबीवर येतो. बिघडलेला केस ताणला जातच राहतो, मागे येत नाही, आणि शेवटी आवाजसुद्धा न करता तुटतो. आतल्या प्रथिनाला बांधून ठेवणारे गंधकाचे बंध ब्लीचनं तुटलेले असतात. ते कुठल्याही तेलानं किंवा मास्कनं पूर्ववत होत नाहीत. केस हा जिवंत अवयव नाही, तो भरून येत नाही. जिवंत आहे ते मूळ, आणि ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस देतं. म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे. मुळं सांभाळलीस तर सगळं परत येईल.

काळ्या पाकिटाला मी एवढी का घाबरले, तेही सांगते. ब्लीच झालेला केस स्पंजासारखा पोकळ असतो. त्यावर काळा रंग कुठे गच्च बसतो, कुठे चार धुण्यांत उतरतो. आठवड्याभरात पुन्हा ठिगळं दिसतात. पुढे तो नकोसा झाला तर दुसरा रंग लावून तो फिका होत नाही. पुन्हा ब्लीचच लागतं, आणि तोवर केसांत ते सोसायची ताकद उरलेली नसते. पण केसांपेक्षा मला तुझ्या टाळूची काळजी होती. तू म्हणालीस, कानामागे आणि मानेवर आग होतेय. ब्लीचमध्ये मिसळायला तुम्ही '४० वॉल्यूम' डेव्हलपर आणला होता, कारण दुकानदार म्हणाला लवकर होतं. ४० वॉल्यूम म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. २० वॉल्यूम म्हणजे ६ टक्के. १२ टक्क्यांचं मिश्रण टाळूला लावायचं नसतं, तिथे भाजतं. अशा सोललेल्या कातडीवर काळा रंग लावणं हा निव्वळ धोका होता.

कारण बहुतेक गडद कायम रंगांत पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायमिन, किंवा त्याचं भावंड असतं. अनेकांना ते सोसतं. ज्यांना सोसत नाही त्यांना बहुधा पहिल्या वेळी काहीच होत नाही. शरीर तेव्हा फक्त ओळख करून ठेवतं. पुढच्या एखाद्या वेळी, रंग लावल्यावर एक-दोन दिवसांनी, टाळूला खाज सुटते, कानाच्या पाळ्यांतून पाणी येतं, कपाळ आणि पापण्या सुजतात. बारावीची एक मुलगी आमच्याकडे तिच्या आईबरोबर आली होती, गॉगल लावून. गॉगल काढला तेव्हा तिचे दोन्ही डोळे फटीएवढे उघडत होते. आदल्या वर्षी लग्नात हातावर 'काळी मेंदी' काढली होती, तेव्हा थोडी खाज आली आणि गेली. कुणी मनावर घेतलं नाही. आम्ही केसाला हातसुद्धा न लावता तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ती बरी झाली, पण ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. तिला आता असे रंग कधीच लावता येणार नाहीत आणि दातांच्या डॉक्टरांकडे भुलीचं औषध घेतानाही आधी सांगावं लागेल, कारण बेंझोकेनसारख्या काही औषधांनाही अशा शरीराची तीच प्रतिक्रिया येऊ शकते.

म्हणून लक्षात ठेव, मेंदीचं पान कधी काळं रंगवत नाही. ते केशरी, लाल, फार तर तपकिरी देतं. काळी मेंदी म्हणून मिळतं त्यात एक तर नीळ मिसळलेली असते, नाहीतर रसायन, आणि पुष्कळदा ते पीपीडीच असतं. युरोपात अशा रंगांच्या खोक्यांवर १६ वर्षांखालच्यांसाठी हे नाही असं छापावं लागतं, आणि काळ्या मेंदीनं धोका वाढतो हेही लिहावं लागतं. आपल्याकडेही पीपीडी असलेल्या रंगावर सूचना सक्तीची आहे, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत: आधी चाचणी घ्या, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. तुझ्या न उघडलेल्या पाकिटावर ती आहे का बघ. बारीक अक्षरात असेल, पण वाच.

सई, तुला विल्यम पर्किनची गोष्ट माहीत आहे का? रसायनशास्त्राच्या सरांना विचार. १८५६ साली ईस्टरच्या सुटीत हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत क्विनिन तयार करायला बसला होता. मलेरियावर तेव्हा तेच औषध, आणि ते झाडाच्या सालीपासूनच मिळायचं. प्रयोग साफ फसला, भांड्यात काळा चिखल उरला. त्यानं तो घाईनं फेकला नाही आणि त्यावर दुसरं काहीतरी ओतून झाकलाही नाही. अल्कोहोलनं भांडं धुताना जांभळा रंग सुटला, तो त्यानं नीट पाहिला, रेशमाच्या तुकड्यावर लावून पाहिला. तो मॉव्ह, कृत्रिम रंगांच्या उद्योगाची सुरुवात. त्याचे गुरू हॉफमन. आज केसांच्या रंगात जे पीपीडी आहे, त्याच्या अभ्यासातही या हॉफमनांचं नाव आहे. म्हणजे तुझ्या पाकिटाचा वंश थेट त्या फसलेल्या प्रयोगाशी जाऊन भिडतो. पर्किन हुशार होता हे खरंच, पण मला त्याच्यातली दुसरी गोष्ट तुझ्यात यावीशी वाटते. काही बिघडलं की तो थांबला आणि पुढ्यात काय आहे ते बघत बसला.

आता करायचं काय, ते क्रमानं सांगते.

टाळू आधी. आईला उजेडात बसवून भांग पाडून बघायला सांग. नुसती लाली असेल तर गार पाण्याची पट्टी ठेव आणि दोन-तीन दिवस शाम्पूही लावू नकोस. फोड, पाणी, सूज, किंवा पापण्या जड वाटल्या तर लगेच त्वचारोगतज्ज्ञ. श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली तर डॉक्टरांची वेळ घेत बसायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं. रंगाची पाकिटं बरोबर ने, आत काय होतं ते डॉक्टरांना कळायला हवं.

टाळू बरी झाल्यावर केस. गरम पाणी नाही, स्ट्रेटनर नाही, ओल्या केसांत बारीक कंगवा नाही. रुंद दातांचा कंगवा टोकाकडून वर आणत जा. न्हाण्याआधी लांबीला खोबरेल लाव. आजी सांगते म्हणून नव्हे, याला आधार आहे. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी मिनरल ऑइल, सूर्यफूल आणि खोबरेल ही तेलं केसांवर तपासून पाहिली. प्रथिनाची झीज कमी झाली ती खोबरेलानं. त्याचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. तुटलेले बंध ते जोडणार नाही, पण धुताना होणारी आणखी हानी थोपवेल. दर धुण्याला कंडिशनर विसरू नकोस. व्हिडिओतले लिंबू, सोडा, भांड्याचा साबण, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, यांतलं काहीही नको.

शेवाळी झाक धुण्यांत आपोआप मंदावेल. मग दोन-तीन आठवड्यांनी सांगलीला ये. मी आधी एका बटेवर चाचणी घेईन. ती सोसली तर पेरॉक्साइड नसलेला, नुसता वरून बसणारा तपकिरी रंग आपण लावू. हिरव्यावर तपकिरी लावताना आधी थोडा लालसर थर द्यावा लागतो, तो गेलेला उष्ण रंग परत घालायला. टोकं तीनेक इंच जातील, त्याची तयारी ठेव. तोवर सोमवारी कॉलेजला अंबाडा किंवा घट्ट नसलेली वेणी घालून जा. कुणी विचारलं तर 'रंग बिघडला' एवढंच सांग. ते खरं आहे आणि ते बोलायला लाज वाटण्याचं कारण नाही. चार दिवसांत मुलींना दुसरा विषय मिळतो.

वहिनीवर रागावू नकोस. ती ओरडली, कारण तिला बंद न्हाणीघरातून अमोनियाचा वास आला आणि आतून तुझं रडणं ऐकू आलं. दादा गप्प बसला आहे, त्याचा अर्थ तो तुझ्यावर नाराज आहे असा घेऊ नकोस. काय बोलावं हे बापांना अशा वेळी सुचत नाही. त्या दोघांना आज जेवताना तू स्वतः सगळं सांग: पैसे कुठून आले, काय आणलं, किती वेळ ठेवलं. किती वेळ ठेवलं हे तू फोनवर मलाही दोनदा वेगवेगळं सांगितलंस. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण डॉक्टरांना चुकीचं सांगितलंस तर उपचार चुकतो. लपवण्याची घाई आणि झाकण्याची घाई एकाच भीतीतून येतात. त्या भीतीपायी उघडलेलं पाकीट केसांना महाग पडतं आणि त्या भीतीपायी बोललेलं खोटं माणसांना.

आणि पुन्हा कधी रंगवावेसे वाटले तर? वाटू देत. फक्त माझे चार नियम पाळ. दर वेळी, मागच्या वेळी काही झालं नसलं तरी, ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट. पूर्ण डोक्याआधी एका लपलेल्या बटेवर रंगाची परीक्षा. प्लॅस्टिकची वाटी, हातमोजे, उघडी खिडकी, आणि घड्याळ समोर. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, वायू साठून बाटली फुटते. ब्लीच मात्र घरी नाही, एवढं मला वचन दे. वेगळं दिसायची फारच हौस आली तर क्लिपनं लावायच्या रंगीत बटा मिळतात. निळ्या, जांभळ्या, हव्या त्या लाव, संध्याकाळी काढून ठेव.

तुझ्यापुढे अजून कितीतरी गोष्टी बिघडायच्या आहेत. एखादा पेपर, एखादी मैत्री, एखादं काम. त्या प्रत्येक वेळी ताबडतोब काहीतरी करून टाकावंसं वाटेल, रागाचा मेसेज पाठवावासा वाटेल, एक खोटं झाकायला दुसरं बोलावंसं वाटेल. तेव्हा काल रात्री केलंस तेच कर. हातातलं खाली ठेव आणि ज्याला त्यातलं कळतं अशा माणसाला फोन लाव. काल तू रडत होतीस, घाबरली होतीस, तरी कात्रीनं पाकिटाचा कोपरा कापायच्या आधी तुला मला विचारावंसं वाटलं. मला तुझा अभिमान वाटला तो त्यासाठी.

ते काळं पाकीट दुकानात परत दे, सीलबंद आहे तर घेतील. नाही घेतलं तर येताना घेऊन ये. टाळूचा फोटो आज संध्याकाळी उजेडात काढून पाठव. फिल्टर न लावता.

आजीला नमस्कार, दादा-वहिनीला सांग मी बुधवारी फोन करते.

तुझी,
आत्या